अंत्यविधीचं उघडं दार

२०२५ सालच्या ईस्टरला एक दुर्मीळ योग जुळून आला होता. रोमन कॅथोलिक आणि प्रोटेस्टंट मंडळ्या एका पद्धतीने सणाची तारीख काढतात, तर बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्चेस जुन्या ज्युलियन कालगणनेने. त्यामुळे येशूच्या पुनरुत्थानाचा सण बऱ्याच वर्षी दोन वेगवेगळ्या रविवारी येतो. त्या वर्षी मात्र २० एप्रिल ही तारीख सगळ्यांचीच होती. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, आपल्याकडे सकाळचे अकरा वाजून गेले असताना पोप फ्रान्सिस यांचं व्हॅटिकनमधल्या त्यांच्या राहत्या घरी निधन झालं. वय ८८. आदल्याच दिवशी ते सेंट पीटर्सच्या सज्जात येऊन लोकांना आशीर्वाद देऊन गेले होते.

भारत सरकारने तीन दिवसांचा राजकीय दुखवटा जाहीर केला. २२ आणि २३ एप्रिल हे दोन दिवस आणि तिसरा दफनविधीचा, म्हणजे २६ एप्रिल. देशभरातल्या सरकारी इमारतींवरचे राष्ट्रध्वज अर्ध्यावर आले. दुखवट्याच्या पहिल्याच दिवशी पहलगामला अतिरेक्यांनी २६ जणांना ठार मारलं. त्यात महाराष्ट्रातले सहाजण होते. त्या आठवड्यात प्रार्थनेला बसलेल्या माणसांसमोर एकाच वेळी दोन शोक होते, आणि त्यातला दुसरा फार जवळचा, फार कच्चा होता.

कोल्हापूरसारख्या शहरातून हे सगळं पाहणाऱ्याला एक साधा प्रश्न पडू शकतो. इथल्या जुन्या ख्रिस्ती घराण्यांपैकी पुष्कळांचा वारसा प्रोटेस्टंट आहे. पोप हे काही त्यांचे धर्मप्रमुख नव्हेत. त्यांच्या पूर्वजांना ज्यांनी शुभवर्तमान सांगितलं त्या मिशनऱ्यांना तर पोपची सत्ता मुळीच मान्य नव्हती. मग रोमच्या बिशपांसाठी त्यांनी का रडावं? आणि रडायचंच ठरवलं, तर कॅथोलिकांबरोबर एका छताखाली बसून ते करता येतं का?

उत्तरासाठी आधी शहराची ओळख करून घ्यायला हवी. रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले. त्याआधी ते अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते. पुढे त्या मिशनशी त्यांचं बिनसलं, काही वर्षं त्यांनी कोल्हापूरचं काम स्वतंत्रपणे, मित्रांनी पाठवलेल्या पैशावर चालवलं आणि १८७० साली ते प्रेस्बिटेरियन मिशनच्या हवाली केलं. एकाच माणसाने एकाच गावात राहून तीन वेगवेगळ्या छत्रांखाली काम केलं, ही गोष्ट पंथांच्या भिंतींबद्दल बरंच काही सांगते. वायल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाने उभं आहे. आयर्विन ख्रिश्चन हायस्कूल, एस्तेर पॅटन हायस्कूल, मेरी वॉनलेस हॉस्पिटल ही नावं कोल्हापूरकराच्या तोंडी रोजची, आणि तीही त्याच मिशनच्या परंपरेतली. त्यांच्या जोडीला अँग्लिकन वळणाची चर्चेस आहेत. कॅथोलिकांची वस्ती लहान. पण होली क्रॉस कॉन्व्हेंटमुळे सिस्टर्स शहराला परिचित. कॅथोलिकांच्या कारभारात कोल्हापूर जिल्हा आधी पुणे धर्मप्रांतात होता. २००५ साली सिंधुदुर्ग हा नवा धर्मप्रांत झाला आणि कोल्हापूर त्यात गेलं. त्याचं मुख्य ठाणं सावंतवाडीला. म्हणजे एकाच शहरातल्या दोन ख्रिस्ती शेजाऱ्यांपैकी एकाचे बिशप सावंतवाडीला आणि दुसऱ्याचे कोल्हापुरातच, असंही असू शकतं.

महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या जेमतेम एक टक्का आहे. एवढ्या लहान समाजात लग्नं जुळवायची तर पंथाची रेघ ओलांडावीच लागते. मावशी कॅथोलिक, काका चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, धाकटी वहिनी एखाद्या पेंटेकॉस्टल मंडळीतली, अशी घरं शोधायला लांब जावं लागत नाही. घरात मयत झाली की ही सगळी माणसं एका कबरीभोवती उभी राहतात. वरच्या पातळीवर बिशप आणि मॉडरेटर यांनी एकत्र येण्याच्या पुष्कळ आधीपासून मंडळींनी ते केलेलं आहे.

नियमांचं मात्र तसं नव्हतं. कॅथोलिक चर्चची १९१७ सालची कायदेसंहिता उघडली तर कलम १२५८ कॅथोलिक माणसाला इतर पंथांच्या उपासनेत सक्रिय भाग घ्यायला साफ मनाई करतं. त्याच कलमात पुढे एक फट ठेवलेली आहे: लग्न आणि अंत्यविधी यांसारख्या प्रसंगी, सामाजिक कर्तव्य म्हणून आणि सबळ कारण असेल तर, नुसतं हजर राहायला हरकत नाही. गाणं म्हणायचं नाही, प्रार्थनेत ‘आमेन’ म्हणायचं नाही. फक्त उभं राहायचं. कायदा करणाऱ्यांनाही कळत होतं की शेजाऱ्याच्या मयतीला जाऊ नको असं माणसाला सांगता येत नाही. पुढे पंथापंथांत जी काही जवळीक झाली, तिच्या कितीतरी आधी अंत्यविधीचं दार असं किलकिलं होतं.

ते पुरतं उघडलं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी परिषदेने ख्रिस्ती ऐक्याविषयीचा जाहीरनामा मंजूर केला आणि इतर पंथीयांबरोबर प्रार्थना करणं ही केवळ परवानगीची नव्हे तर इष्ट गोष्ट ठरली. त्यानंतर अकराव्या दिवशी पोप सहावे पॉल मुंबईत उतरले. आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठी ओव्हल मैदानावर लोटलेली गर्दी जुन्या मुंबईकरांच्या आठवणीत आहे. या दौऱ्यात ते इतर ख्रिस्ती पंथांच्या आणि इतर धर्मांच्या प्रतिनिधींनाही भेटले. पुढच्याच वर्षी, ७ डिसेंबर १९६५ रोजी, रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांनी १०५४ साली एकमेकांवर घातलेले बहिष्कार मागे घेतले. नऊशे अकरा वर्षांनी.

महाराष्ट्रातही त्याच काळात मोठी घडामोड झाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चेस विलीन होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यात अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल होते, मेथडिस्टांची एक शाखा, बाप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट हेही होते. बाळाचा बाप्तिस्मा करावा की मोठेपणीच, बिशप असावेत की वडीलजनांची सभा, असल्या प्रश्नांवर शतकानुशतकं भांडलेली ही मंडळी एकत्र आली, ही साधी गोष्ट नव्हे. तरी ते ऐक्य सगळीकडे गोडीगुलाबीने नांदलं असं म्हणता येणार नाही. विलीनीकरण वैध होतं का, मिशनच्या जमिनी आणि इमारती कुणाच्या, यावरून देशात ठिकठिकाणी खटले उभे राहिले आणि काही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कोर्टात समोरासमोर उभे असलेले पाळक दफनभूमीत मात्र शेजारी उभे राहतात. हे ढोंग नाही. माती द्यायच्या वेळी माणसाला दुसरं काही सुचत नाही, आणि ते चांगलंच आहे.

आता संयुक्त शोकसभा प्रत्यक्षात कशी होते ते पाहू, कारण खरी मेख तिथेच आहे.

अशा उपासनेचं छापील पत्रक हातात घेतलं तर त्यात काय नाही हे आधी जाणवतं. त्यात प्रभुभोजन नसतं. कॅथोलिकांच्या दृष्टीने अंत्यविधीची पूर्ण उपासना म्हणजे मिस्सा, आणि मिस्सेतला पवित्र प्रसाद साधारणपणे कॅथोलिकांनाच दिला जातो. मेज मांडलं की काहींना जागेवर बसून राहावं लागणार, आणि शोकाच्या दिवशी कुणाला असं वेगळं पाडायचं नसतं. म्हणून मेज बाजूला ठेवलं जातं आणि सगळ्यांचं जे आहे तेवढंच घेतलं जातं: शास्त्रवाचन, गीत, दिवंगताच्या जीवनाचं स्मरण, काही क्षणांची शांतता, प्रभूची प्रार्थना, आशीर्वाद. वाचनं वाटून दिली जातात. जुन्या करारातला उतारा एका पंथाकडे, स्तोत्र दुसऱ्याकडे, शुभवर्तमान तिसऱ्याकडे. कोण किती वेळ बोलणार हे आधी ठरतं, कारण पाच-सहा पाळक आणि फादर व्यासपीठावर असतील तर प्रत्येकाची दोन मिनिटं ही दोन मिनिटंच राहायला हवीत.

त्याहून नाजूक प्रश्न असतो तो प्रार्थनेत नेमकं काय मागायचं याचा. कॅथोलिक आणि ऑर्थोडॉक्स मृतासाठी प्रार्थना करतात. प्रभूने त्याच्या पापांची क्षमा करावी, त्याच्या आत्म्याला शुद्ध करून आपल्या जवळ घ्यावं, असं मागतात. २ नोव्हेंबरला कॅथोलिक कबरींवर मेणबत्त्या लावून गेलेल्यांसाठी विनवणी करतात. बहुसंख्य प्रोटेस्टंटांना हे पटत नाही. माणूस गेला की त्याचा हिशेब देव आणि तो यांच्यात. मागे राहिलेल्यांनी त्याच्या आयुष्याबद्दल आभार मानावेत आणि कुटुंबासाठी सांत्वन मागावं, असं ते मानतात. पुष्कळ मंडळ्या ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत जमतात ते मृतांसाठी काही मागायला नव्हे, पुनरुत्थानाची घोषणा करायला.

हा मतभेद किरकोळ समजू नये. पश्चिमेकडचं चर्च फुटलं तेच मुळी या प्रश्नावरून. मृतांच्या आत्म्यांना शिक्षेतून सोडवण्यासाठी पैसे देऊन क्षमापत्रं घेता येतात, या व्यवहाराविरुद्ध मार्टिन ल्यूथर यांनी ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी आपले ९५ सिद्धांत मांडले आणि युरोप दुभंगला. म्हणजे कॅथोलिक आणि प्रोटेस्टंट जेव्हा एखाद्या मृतासाठी एकत्र उभे राहतात, तेव्हा ते नेमके त्यांच्या सर्वांत जुन्या जखमेवर उभे असतात. म्हणूनच चांगल्या पत्रकात शब्द फार जपून घातलेले असतात. ‘आम्ही त्यांना तुझ्या हाती सोपवतो’ अशासारखं वाक्य दोघांनाही म्हणता येतं, मागणं म्हणूनही आणि आभार म्हणूनही.

प्रभूची प्रार्थना सगळ्यांना पाठ असते, तरी तिथेही एक अडखळण येते. प्रोटेस्टंट मंडळी शेवटी राज्य, सामर्थ्य आणि गौरव देवाचं असल्याची ओळ लगेच जोडतात. कॅथोलिकांच्या मिस्सेत ती ओळ लगोलग येत नाही. मध्ये धर्मगुरू एक छोटी प्रार्थना म्हणतात आणि मग लोक ती म्हणतात. संयुक्त सभेत हे आधी सांगितलेलं नसेल तर अर्धं सभागृह थांबतं आणि अर्धं पुढे जातं. व्यासपीठावरून आधीच एक सूचना दिली की काम भागतं. फोटोचंही तसंच. हार घातलेल्या फोटोपुढे मेणबत्ती लावणं कॅथोलिकांना आदराचं वाटतं. काही प्रोटेस्टंट मंडळ्यांना ते खटकतं. मेणबत्ती फोटोपासून चार हात दूर, बायबलपाशी ठेवली की दोघांचंही समाधान होतं. यजमानांनी अशा बारीक गोष्टींकडे लक्ष दिलं आहे की नाही, यावरून त्या सभेचा प्रामाणिकपणा ओळखावा. नुसत्या मान्यवरांच्या रांगेवरून तो ओळखता येत नाही.

गीतांच्या बाबतीत मात्र मराठी ख्रिस्ती समाज भाग्यवान आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्याला स्वतःच्या मातीतली पदं दिली. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची कितीतरी पदं आहेत आणि मराठी मंडळ्यांच्या सुखदुःखात ती गायली जातात. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत अशी त्यांची कल्पना होती. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, त्यांचं मुंबईत निधन झालं आणि दरबाराचं स्वप्न अपुरं राहिलं. पदं राहिली. पंथ कुठलाही असो, मराठी माणूस अभंगाच्या चालीवर रडू शकतो, हे टिळकांना पुरतं ठाऊक होतं.

आपल्या काळात असा सगळ्यांचा झालेला धर्मगुरू म्हणजे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईच्या नंदाखालचे. ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक, हरित वसईच्या लढ्यातले अग्रणी, ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवणारे लेखक. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्या पदावर बसलेले पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले तेव्हा शोक वसईच्या कॅथोलिकांपुरता राहिला नाही. ज्यांनी कधी चर्चची पायरी चढली नव्हती अशा वाचकांनाही आपलं कुणीतरी गेल्यासारखं वाटलं. त्यांच्या मराठीने पंथाचं आणि धर्माचं अंतर आधीच कमी करून ठेवलं होतं.

जगाच्या पातळीवर या वाटेवरचा मोठा टप्पा २००५ साली आला. ८ एप्रिलला पोप दुसरे जॉन पॉल यांच्या दफनविधीला कँटरबरीचे आर्चबिशप रोवन विल्यम्स हजर राहिले. आठव्या हेन्रीच्या काळात इंग्लंड रोमपासून तुटल्यानंतर पदावर असलेले आर्चबिशप पोपच्या अंत्यविधीला जाण्याची ही पहिलीच वेळ. त्याच विधीत चाकाच्या खुर्चीत बसलेल्या, नव्वदीला टेकलेल्या एका माणसाने कार्डिनल रॅट्झिंगर यांच्या हातून प्रसाद घेतला. ते होते फ्रान्समधल्या तेझे समुदायाचे संस्थापक ब्रदर रॉजर, जन्माने आणि दीक्षेने प्रोटेस्टंट. चारच महिन्यांनी, १६ ऑगस्टच्या सायंप्रार्थनेत, मानसिक तोल गेलेल्या एका स्त्रीने त्यांची हत्या केली. त्यांच्या अंत्यविधीची मिस्सा व्हॅटिकनच्या ऐक्य विभागाचे प्रमुख कार्डिनल कास्पर यांनी वाहिली. प्रोटेस्टंट संस्थापकासाठी कॅथोलिक मिस्सा, आणि त्यात इतर पंथांच्या धर्मगुरूंचा सहभाग. ज्या मेजावरून चर्चेस अजून अडून आहेत, ते त्या दिवशी एका माणसासाठी मांडलं गेलं.

फ्रान्सिस यांनी तर ही वाट पायाखालीच घातली होती. ल्यूथरच्या बंडाला पाचशे वर्षं पूर्ण व्हायच्या वर्षाची सुरुवात स्वीडनमधल्या लुंड इथे लूथरन मंडळींसोबत करायला ते ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी स्वतः गेले. २०२३ मध्ये युद्धाने पोळलेल्या दक्षिण सुदानला ते एकटे गेले नाहीत. कँटरबरीचे आर्चबिशप आणि चर्च ऑफ स्कॉटलंडचे मॉडरेटर यांना बरोबर घेऊन गेले. हे चर्च ऑफ स्कॉटलंड म्हणजे जगभरच्या प्रेस्बिटेरियनांचं माहेर. कोल्हापूरच्या प्रेस्बिटेरियन वारशातल्या एखाद्या कुटुंबाला पोप फ्रान्सिस परके का वाटले नाहीत, याचं एक कारण इथे सापडतं. आपला अंत्यविधीही त्यांनी आधीच साधा करून ठेवला होता. पूर्वी पोपचं शव सायप्रस, शिसं आणि ओक अशा एकात एक तीन पेट्यांत ठेवत. त्यांनी जस्ताचं अस्तर असलेली एकच लाकडी पेटी पुरे म्हटलं. दफन व्हॅटिकनबाहेर, सांता मारिया माज्जोरे चर्चमध्ये. कबरीवर फक्त नाव. चर्चच्या पायऱ्यांवर शवपेटीचं शेवटचं स्वागत करायला गरीब, बेघर, कैदी आणि स्थलांतरित अशी माणसं हातात पांढरी गुलाबफुलं घेऊन उभी होती. दफनविधीला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू उपस्थित होत्या. ऑर्थोडॉक्स जगाचे पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू आले. कँटरबरीचं पद तेव्हा रिकामं होतं, म्हणून अँग्लिकनांच्या वतीने यॉर्कचे आर्चबिशप आले.

हे सगळं वाचून अंत्यविधी म्हणजे आपोआप ऐक्य, असं वाटू लागलं तर केरळकडे पाहावं. तिथे ऑर्थोडॉक्स आणि जॅकोबाइट या एकाच मुळाच्या दोन गटांत चर्चच्या ताब्यावरून वाद इतका विकोपाला गेला की पुरण्यासाठी आणलेली शवं दफनभूमीच्या फाटकाबाहेर अडवली जाऊ लागली. शेवटी राज्य सरकारला २०२० साली कायदा करावा लागला: आपल्या पूर्वजांच्या दफनभूमीत माती मिळण्याचा हक्क कुणालाही नाकारता येणार नाही. उघडं दार बंदही करता येतं.

कोल्हापूर, सांगली, मिरज या पट्ट्यातल्या कुटुंबांच्या उपयोगी पडेल असा एक नियम इथे नोंदवायला हवा. कॅथोलिकांच्या १९८३ च्या कायदेसंहितेतलं कलम ११८३ असं सांगतं की दुसऱ्या पंथात बाप्तिस्मा घेतलेला माणूस वारला आणि त्याच्या स्वतःच्या मंडळीचा पाळक उपलब्ध नसेल, तर बिशपांच्या संमतीने कॅथोलिक धर्मगुरू त्याचा अंत्यविधी करू शकतात; अट एवढीच की त्या माणसाची तशी इच्छा नव्हती असं दिसता कामा नये. पाळक परगावी आहे, प्रेत घरात आहे, आणि कुटुंबात अर्धे कॅथोलिक आहेत, असा प्रसंग मिश्र घरांमध्ये येऊ शकतो. अशा वेळी फादरांकडे जाऊन विचारायला संकोच करू नये, आणि फादरांनीही आपल्या बिशपांना फोन लावायला उशीर करू नये.